झाकली मूठ, न उघडलेली डबी: मोपासाँची हाराची कथा गटात कशी वाचावी

गी द मोपासाँची हिऱ्यांच्या हाराची कथा वाचून संपली की पहिल्याच मिनिटात कोणीतरी म्हणतं, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत.' सगळे माना डोलावतात आणि कथा तिथेच मिटते. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या यात्रेकरूंच्या निवासात, आमचा वाचनकट्टा भरतो. तिथे मी ही कथा पहिल्यांदा घेतली तेव्हा नेमकं हेच झालं. बाहेर श्रावणातला पाऊस कौलांवर कोसळत होता, आत वीस मिनिटांत चर्चा आटोपली आणि चहा आला. घरी जाताना मला चुटपुट लागून राहिली. एवढी कथा वाचली आणि तिच्यातून एक म्हण तेवढी घेऊन उठलो.

मग मी ती पुन्हा वाचली, ओळीवर बोट ठेवून. तेव्हा कळलं, की हाराची हौस हा कथेचा निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा भाग एका चिठ्ठीचा आहे, मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवल्यावर तिला पाठवलेल्या. नवऱ्याने सांगितली, बायकोने लिहिली. ती चिठ्ठी खोटी आहे आणि ती पूर्णपणे पचते. कोणी पकडत नाही, कोणी संशय घेत नाही. अब्रू शाबूत राहते. पुढची दहा वर्षं जातात ती त्या शाबूत राहिलेल्या अब्रूपायी. 'खोट्याच्या कपाळी गोटा' ही म्हण इथे लागूच पडत नाही, कारण इथलं खोटं उघडकीला आलं असतं तर बरं झालं असतं.

हे गटाला स्वतःहून सापडावं म्हणून दोन बैठकांची एक रीत हळूहळू बसली. ती इथे सविस्तर देते आहे. शाळेत अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यांना, गावच्या ग्रंथालयात किंवा महिला मंडळात वाचन घेणाऱ्यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

कोणती प्रत घ्यावी

कथेचं मूळ नाव 'ला पार्युर'. पॅरिसच्या 'ल गोलुआ' या दैनिकात ती १७ फेब्रुवारी १८८४ रोजी छापून आली. इंग्रजीत ती 'द नेकलेस' म्हणून ओळखली जाते. मराठी नाव द्यायचं तर मला 'साज' हा शब्द जवळचा वाटतो, कारण 'पार्युर' म्हणजे नुसता हार नव्हे, नटण्याचा सगळा सरंजाम. मोपासाँ १८९३ साली वारला, त्यामुळे मूळ कथेवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. गटासाठी स्वतः अनुवाद करून झेरॉक्स वाटायला हरकत नाही. दुसऱ्याचा अलीकडचा अनुवाद असेल तर मात्र आधी विचारावं.

प्रत संक्षिप्त असेल तर वाचनाआधी पाच जागा तपासा. कापडाच्या पैशांपायी नवऱ्याची बंदूक राहते ती जागा. मेजवानीहून निघतानाची घाई. चिठ्ठी. डबीवर नाव असलेल्या सराफाचं उत्तर. आणि मैत्रिणीने डबी परत घेतली तो क्षण. यातली एक जरी गळलेली असेल तर दुसरी प्रत शोधा. चौथी जागा एका वाक्याची आहे, ती सहज गळते, आणि ती गळली तर या रीतीतली अर्धी मजा जाते.

बैठक घेणाऱ्याने कथा कशी डोक्यात ठेवावी

मातिल्द लुआझेल ही कारकुनाच्या घरात जन्मलेली देखणी मुलगी. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्नही शिक्षण मंत्रालयातल्या एका साध्या कारकुनाशी होतं. (मोपासाँने स्वतः आधी नौदल आणि मग शिक्षण मंत्रालयात कारकुनी केली होती. त्या घरातली हवा त्याला ऐकीव नव्हती.) मंत्र्यांकडच्या समारंभाचं आमंत्रण येतं. कपडे नाहीत म्हणून ती रडते. नवरा ४०० फ्रँक देतो. दागिना नाही म्हणून पुन्हा रडते, तेव्हा तोच सुचवतो, की तुझ्या श्रीमंत मैत्रिणीकडे, मादाम झान फोरेस्तिएकडे माग. काळ्या साटीनच्या डबीतला हिऱ्यांचा हार ती निवडते. समारंभात ती सगळ्यांत उठून दिसते. पहाटे घरी येऊन आरशासमोर उभी राहते तर गळ्यात हार नाही.

शोधाशोध होते. चिठ्ठी जाते. आठवड्याने आशा सोडून ते तसाच दुसरा हार ३६,००० फ्रँकला घेतात आणि परत करतात. कर्ज फेडायला दहा वर्षं लागतात. एका रविवारी पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर मैत्रीण भेटते, मातिल्द सगळं सांगून टाकते, आणि मैत्रीण तिचे हात हातात घेऊन म्हणते, की माझा हार खोटा होता गं, फार तर ५०० फ्रँकचा.

शेवट गटातल्या काहींना ठाऊक असतोच. त्यांना बैठकीआधी बाजूला घेऊन गप्प राहायची विनंती करा, आणि एक काम द्या: हार खोटा असल्याची खूण कथेत आधी कुठे येते ते शोधून ठेवा. काम मिळालं की ते गप्पही राहतात आणि वाचतातही नीट.

डबी आणा

ही पायरी पोरकट वाटेल. तरी ती गाळू नका.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी 'एक ग्रॅमवाला', म्हणजे नुसता मुलाम्याचा हार आणला, स्वस्तातला. घरात एका जुन्या सराफाची डबी पडून होती, झाकणावर दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेली, आत मखमल. हार तिच्यात ठेवला, डबी बंद केली आणि बैठक सुरू होताना गोलात फिरवली. सांगितलं, की आत हार आहे, माझ्या मैत्रिणीचा आहे, उघडू नका, हातात घेऊन अंदाजाने किंमत कागदावर लिहा.

लोक काय करतात ते बारकाईनं पाहा. डबी हातात आली की आधी अंगठा झाकणावरच्या नावावरून फिरतो. मग तळहातावर तोलून पाहतात. एखादी मावशी कानाशी नेऊन हलवते. आणि किंमत लिहिली जाते ती बहुतेक वेळा त्या नावाची. आमच्या गटात एका काकांनी लिहिलेला आकडा मी घेतलेल्या किमतीच्या कितीतरी पट होता, कारण त्या दुकानातून त्यांच्या मुलीच्या लग्नातलं भांगर, म्हणजे सोनं, घेतलेलं होतं.

कागद गोळा करून ठेवा, वाचून दाखवू नका. डबी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. दोन्ही बैठका ती तिथेच राहणार.

पहिली बैठक: मोठ्याने वाचन, दोन थांबे

पूर्ण कथा मोठ्याने वाचायला साधारण अर्धा तास लागतो. पहिल्या बैठकीत हार परत करेपर्यंतच वाचा. एकाच माणसाने वाचू नये, तिघा-चौघांनी वाटून घ्यावं. संवाद गोव्यातल्या माणसांकडून वाचून घेताना फार सोपं जातं, गावच्या जत्रेच्या नाटकात एकदा तरी तोंडाला रंग लावलेला माणूस प्रत्येक गटात असतोच.

पहिला थांबा असा. नवरा पायी सगळा रस्ता तुडवून सकाळी सातला परत येतो. मग पोलिसांत जातो, वर्तमानपत्रांत बक्षिसाची जाहिरात देतो, घोडागाड्यांच्या कंपन्यांत चौकशी करतो. संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने घरी येतो. त्याने तोंड उघडण्याआधीच वाचन थांबवा. सगळ्यांना एकेक चिठोरी द्या: 'आता तुम्ही मैत्रिणीला काय कळवाल?' नाव लिहायचं नाही. घडी घालून द्यायची.

आमच्याकडे चिठोऱ्या उघडल्या तेव्हा सगळे शांत झाले. निम्म्याहून जास्त जणांनी थोडा वेळ मागून घ्यायचा काहीतरी बहाणा लिहिला होता. 'ताप आला आहे, बरी झाले की आणून देते.' 'पाऊस फार आहे, उघडीप पडली की येते.' मग वाचन पुढे सुरू केलं. नवरा म्हणतो, हाराचा फासा तुटला आहे, दुरुस्तीला दिला आहे असं मैत्रिणीला लिही, म्हणजे आपल्याला हालचाल करायला वेळ मिळेल. तिने तो सांगेल तसं लिहिलं. त्या क्षणी अग्रशाळेत कोणी मातिल्दला हसलं नाही. थोड्या वेळापूर्वी निम्म्याहून जास्त जणांनी तसलीच चिठ्ठी लिहिली होती.

म्हणून हा थांबा सगळ्यांत महत्त्वाचा. तो चुकला तर गट पुढे न्यायाधीश होऊन बसतो.

दुसरा थांबा बैठकीच्या शेवटी. मातिल्द डबी परत देते. मैत्रीण थोडं रागावून म्हणते, की लवकर आणायला हवा होतास, मला लागला असता. आणि डबी उघडत नाही. इथे वाचन बंद करून, टेबलावरच्या डबीकडे नुसतं बोट दाखवून लोकांना घरी पाठवा.

चिठ्ठी फळ्यावर

दुसरी बैठक आठवड्याने घ्यावी, त्याहून जास्त अंतर नको. उरलेली कथा शेवटपर्यंत वाचा आणि दोन मिनिटं कोणाला बोलू देऊ नका. मग फळ्यावर चिठ्ठीतलं एकच वाक्य लिहा: 'फासा तुटला आहे, दुरुस्तीला दिला आहे.'

आता गटाला विचारा, हे वाक्य खोटं म्हणून किती चांगलं आहे? प्रश्न ऐकून लोक दचकतात, पण उत्तरं छान येतात. ते पटण्याजोगं आहे, फासे तुटतातच. त्यात थोडी चूक कबूल केलेली आहे, त्यामुळे मोठी चूक झाकली जाते. त्यात मैत्रिणीच्या वस्तूची काळजी दिसते. आणि मुदत दिलेली नाही. आमच्या गटातले एक निवृत्त बँक कर्मचारी म्हणाले, 'कर्जदार असंच बोलतो. पैसे बुडाले असं कधी म्हणत नाही, जरा अडकलेत असं म्हणतो.' या वाक्याने मला कथा नव्याने दिसली.

चिठ्ठी कोणाची, हेही विचारा. शब्द नवऱ्याचे, अक्षर बायकोचं. मराठीत आपण सहज म्हणून जातो की तिच्या हौसेपायी बिचारा नवरा रसातळाला गेला. पण मैत्रिणीकडे दागिना मागायची कल्पना त्याची, खोटं लिहायची कल्पना त्याची, आणि हार भरून द्यायचा निर्णयही त्यानेच बोलून दाखवलेला आहे. तो दुष्ट मुळीच नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे. लाज राखायचं काम त्या घरात दोघं मिळून करतात, आणि गटातल्या विवाहित माणसांना हे लगेच उमगतं.

मागे जाऊन लहान लपवाछपवी शोधा

गटाचे दोन-तीन भाग करा आणि चिठ्ठीच्या आधी कोणी कोणापासून काय लपवलं ते शोधायला सांगा. वीस मिनिटं द्या.

कापडाला किती लागतील असं नवरा विचारतो तेव्हा मातिल्द काही क्षण हिशोब करते, कंजूष कारकून एकदम नाही म्हणणार नाही असा आकडा कोणता? मग ४०० सांगते. नवऱ्याचा चेहरा जरा उतरतो. बरोबर तेवढेच पैसे त्याने बंदुकीसाठी साठवले होते, उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर नाँतेरच्या माळावर चंडोल मारायला जायचं म्हणून. तो बंदुकीबद्दल एक अवाक्षर काढत नाही. 'ठीक आहे, देतो. पण कपडे चांगले घे.' दोघांनी एकाच संभाषणात एकमेकांपासून एकेक गोष्ट दडवली, आणि दोघांचीही नियत चांगली.

मग मेजवानीहून निघतानाची जागा. पहाटेचे चार वाजलेत. नवरा तिच्या खांद्यावर घरून आणलेली रोजच्या वापरातली साधी शाल टाकतो. बाकीच्या बायका फरचे कोट अंगावर चढवताहेत. त्यांनी ती शाल पाहू नये म्हणून मातिल्द धावत जिना उतरते. थांब, बाहेर गारठशील, मी गाडी बोलावतो, असं तो म्हणतो, ती ऐकत नाही. दोघं थंडीत कुडकुडत सेन नदीकडे चालत जातात आणि एक जुनाट गाडी मिळते. मोपासाँ लिहितो, की पॅरिसमध्ये या गाड्या रात्रीच दिसतात, दिवसा त्यांना आपल्या दैन्याची लाज वाटत असावी. गाडीचा नंबर दोघांपैकी कोणीच पाहिलेला नसतो.

आमच्या गटातल्या एका बारावीच्या मुलीने हे जोडलं. ती म्हणाली, हार नेमका कुठे पडला ते कथेत नाहीच, पण ती शाल लपवायला धावली नसती तर गाडी दारात आली असती, सावकाश चढले असते. मी इतक्या वेळा वाचूनही हा धागा माझ्या हाती लागला नव्हता. हार हरवला तोही दैन्य झाकायच्या धडपडीत.

जमाखर्च मांडा

इथे घाई करू नका. वही-पेन्सिल द्या आणि आकडे गटालाच मांडू द्या.

नव्या हाराची सांगितलेली किंमत ४०,०००, घासाघीस करून ३६,०००. वडिलांकडून मिळालेले १८,००० नवऱ्याकडे होते. उरलेले १८,००० उसने: कोणाकडून हजार, कोणाकडून पाचशे, इथून पाच लुई (वीस फ्रँकचं सोन्याचं नाणं), तिथून तीन. सावकारांचे कागद, सह्या, व्याज. आता दुसऱ्या बाजूला हरवलेल्या हाराची खरी किंमत लिहा, फार तर ५००. भागाकार करा: ७२ पट. आणि मग कापडाचे ४०० लिहा. हार आणि कापड यांच्यात फरक फक्त १०० फ्रँकचा. म्हणजे त्या संध्याकाळी खरं सांगितलं असतं तर आणखी एकदा कापड घ्यावं लागल्यासारखं झालं असतं, आणि वडिलांच्या पैशांतले साडेसतरा हजार तसेच राहिले असते.

पुढचा हिशोब माझ्या मते सगळ्या कथेचं हृदय आहे. नवरा नोकरी करून संध्याकाळी एका व्यापाऱ्याची खाती लिहितो, आणि रात्री नक्कल करतो, पानाला पाच सू दराने. एका फ्रँकचे २० सू. म्हणजे एका फ्रँकला चार पानं. व्याज बाजूला ठेवून नुसत्या १८,००० चा विचार केला तर ७२,००० पानं. दहा वर्षांत वाटली तर रोज रात्री वीस पानं, एकही सुट्टी न घेता. अर्थात सगळं कर्ज नकलांवर फिटलं नाही, तिचीही काटकसर होती. पण हा आकडा फळ्यावर आला की गट गप्प होतो.

मग कोणाला तरी एक पान हाताने उतरवून काढायला सांगा आणि घड्याळ लावा. बाकीच्यांनी तोवर मातिल्दची दहा वर्षं पुन्हा वाचावीत: मोलकरीण काढली, माळ्यावरच्या खोलीत राहायला गेले, तेलकट भांडी घासता घासता गुलाबी नखं झिजली, रोज सकाळी कचरा खाली न्यायचा आणि पाणी वर आणायचं, प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबायचं. वाण्याकडे, फळवाल्याकडे एकेका दिडकीसाठी हुज्जत. उतरवणाऱ्याचं पान अजून संपलेलं नसतं.

एक अट वादासाठी राखून ठेवा. सराफाने कबूल केलं होतं, की पहिला हार फेब्रुवारी अखेरपर्यंत सापडला तर नवा ३४,००० ला परत घेईन. समजा हार सापडला नाही, पण तो खोटा होता एवढं कळलं, तर सराफाने नवा परत घेतला असता का? आमच्याकडे यावर तासभर भांडण झालं आणि मिटलं नाही.

डबीवरचं नाव

आता शेवट आधीच ठाऊक असलेल्यांना बोलू द्या, त्यांनी खूण शोधलेली असेल. हार भरून द्यायचं ठरल्यावर नवरा-बायको डबीवरचं नाव वाचून त्या सराफाकडे जातात. तो वह्या चाळतो आणि सांगतो: बाई, हा हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली असणार.

हिऱ्यांचा हार एकाकडचा आणि डबी दुसऱ्याकडची, असं का असेल? त्या दोघांना हा प्रश्नच पडत नाही, कारण ते घाबरलेले आहेत. आणि आपल्यालाही पडला नाही. इथे पहिल्या बैठकीतले किमतीचे कागद काढा आणि मोठ्याने वाचा. टेबलावरची डबी उघडा. मी हाराची खरी किंमत सांगितली तेव्हा ते काका बराच वेळ झाकणावरच्या नावाकडेच बघत राहिले.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण इथे कोणाच्या तरी तोंडून येतेच. येऊ द्या. मादाम फोरेस्तिएनेही आपली मूठ झाकलेलीच ठेवली होती. ती खोटं बोलली नाही, कोणी विचारलंच नाही. चांगल्या सराफाच्या डबीत खोटा हार ठेवून तिनेही चारचौघांत मिरवलं असणार. मैत्रीण उसना मागायला आली तेव्हा 'हो, ने की' एवढंच म्हणाली, 'खोटा आहे हं' म्हणाली नाही. त्यात कपट होतं का? आमच्या गटाचे सरळ दोन भाग झाले. माझं मत सांगते: कपट नव्हतं, पण लाज दोघींचीही एकाच जातीची होती. दोघींपैकी एकीने मूठ उघडली असती तरी कथा तिथेच संपली असती.

फार बारीक एक जागा आहे, ती चुकवू नका. शेवटी सगळं सांगताना मातिल्द म्हणते, तुला कळलंच नाही ना? अगदी सारखे होते. आणि ती हसते, अभिमानाने, भाबडेपणाने. दहा वर्षं झिजलेली ही बाई खोटं पचल्याच्या आनंदात आहे. हे वाक्य वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा, की घाई करू नको.

आपल्याकडचं बोलणं निघतं तेव्हा

ते निघणारच. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की जास्तच. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी जाणारं वजें आमच्याकडे अजून जातं. फळफळावळ, मिठाई, नेवऱ्या, टोपल्यांवर टोपल्या. ते शेजारीपाजारी वाटलं जातं, म्हणून ते सगळ्या वाड्याला दिसतं. कोणाकडून किती आलं हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. 'लोक कितें म्हणटले' (लोक काय म्हणतील) या तीन शब्दांवर किती घरांनी कर्ज काढलं असेल.

इथे बैठक घेणाऱ्याने दोन नियम आधीच सांगावेत. स्वतःचं सांगायची सक्ती नाही, 'एका घरी असं झालं' एवढं पुरे. आणि खोलीत बोललेलं खोलीतच राहील. गाव लहान असतं, नियम मोडला तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

आमच्याकडच्या एका वयस्कर मावशींनी सांगितलेलं त्यांच्या परवानगीने लिहिते. घरात अडचण होती, पाटल्या गहाण टाकल्या. देवदर्शनाला, हळदीकुंकवाला जाताना हातात मुलाम्याच्या घालत. सासूबाईंनी कधी चौकशी केली नाही. वर्षभराने पाटल्या सोडवून आणल्या आणि त्या घातल्या, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'आता आवाज बरोबर येतो गो.' मावशी मला म्हणाल्या, 'बाय, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'मी तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांनी आपल्या बांगड्या काढून दिल्या असत्या, हे मला आता कळतं.'

यावर कोणी काही बोलू नये असं मला वाटलं आणि कोणी बोललंही नाही. अशा वेळी गटाला पुढे ढकलू नका. पाणी प्यायला उठा.

दुसरी चिठ्ठी

शेवटचं काम लेखनाचं. 'या कथेतून तुम्ही काय शिकलात' असा प्रश्न देऊ नका, त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी मातिल्दने न लिहिलेली चिठ्ठी लिहायला सांगा, त्याच संध्याकाळची, त्याच मैत्रिणीला, खरं सांगणारी. तीन ओळींपेक्षा जास्त नको, खोटी चिठ्ठीही तेवढीच असणार. माफीचं पाल्हाळ नको, कारणमीमांसा नको.

दिसायला सोपं, पण लोक अडतात. पहिल्या मसुद्यात बहुतेकांची चिठ्ठी गाडीवाल्यावर, थंडीवर, नवऱ्यावर बोट दाखवते. काहींची इतकी रडते की मैत्रिणीलाच समजूत घालावी लागेल. प्रत्येकाला दुसरा मसुदा करायला लावा आणि एकच सूचना द्या: वाचून मैत्रिणीला पुढे काय करता येईल, ते चिठ्ठीत आहे का? ही सूचना दिली की चिठ्ठीत प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की ती खरी होते. वेळ उरला तर याच लेखकाची १८८३ मधली 'ले बिजू' ही कथा पुढच्या महिन्यासाठी नेमा. तिथे उलट आहे, खोटे म्हणून कपाटात पडलेले दागिने खरे निघतात.

चिठ्ठ्या वाचून घेताना नावं विचारू नका, एकत्र करून कोणाचीही कोणालाही द्या. मागच्या श्रावणात माझ्या हातात आली ती पेन्सिलने लिहिलेली होती, दोनदा खोडून: 'झान, तुझा हार काल रात्री माझ्याकडून हरवला. शोधतो आहोत. त्याची किंमत किती होती ते कळव.'